आतली चिंधी

"कोणाचा ठोसा जड, हे मले नोका विचारू," म्हणतो,
तरी विचारतातच.
गड्डीगोदामच्या पुलाशी माझं दुकान :
ताडपत्र्या, कुलरच्या ताट्या, शाळेची दप्तरं,
आणि वर्षातून तीन-चारदा
रेल्वेच्या बॉक्सिंग हॉलमधून हातगाडीवर येणारं
सत्तर किलोचं पोतं,
दारुड्यासारखं एका बाजूला कललेलं.

लढत मी एकही पाहिली नाही.
रात्री मला नीट दिसत नाही
आणि ओरडणाऱ्या माणसांत बसवत नाही.
पण टाके उसवले की कळतं.

रॉनी फ्रान्सिस, एकशे चार किलो.
त्याचा ठोसा म्हणे मोतीबागच्या फाटकापर्यंत ऐकू येतो,
पोरं शिट्ट्या मारतात, साखळी करकरते,
पोतं छताला लागून परत येतं.
त्याच्या पोत्याचं कातडं मी तीनदा बदललं.
वरून लक्तरं.
आतल्या चिंध्या मात्र भरल्या तशाच,
रुखवतातल्या गादीसारख्या फुगीर.

सुदत्त वासनिक, एकशे एक.
त्याचं पोतं हलतच नाही.
फक्त मधोमध दुमडतं,
खिशात पैसे नाहीत हे तिकिटाच्या खिडकीवर कळावं
आणि माणूस दुमडावा, तसं.
आवाज? ओल्या मातीत फावडं जातं, तेवढाच.
शिवण शाबूत, कातडं शाबूत.
मी दोरा कापून कोपरापर्यंत हात घातला
तर बरगडीच्या उंचीला वीट लागली.
चिंध्यांचीच.
कोणाचं लुगडं, कोणाचा गणवेश, कोणाची उशी,
ओळखू येईना.
पातं लावून काढावी लागली.

मग इंजिनिअरिंगच्या पोरांनी यंत्र आणलं,
गादीला वायरी, भिंतीवर लाल आकडे.
फ्रान्सिसचा आकडा मोठा आला.
संत्रा बर्फी वाटली, मलाही दिली.
मी खाल्ली. बर्फीशी माझं काय भांडण?
म्हटलं, "बाबू, यंत्राले पाय नाहीत.
ठोशाले समोर कोणी पाहिजे ना,
ज्याले पडता येते."
पोरगा हसला. त्यानं हेही वहीत लिहून घेतलं.

कामठीचा इस्राईल कुरेशी दोघांशीही लढलाय.
दर मंगळवारी शहरात येतो, माझ्याकडे टेकतो.
फ्रान्सिसचं नाव काढा, तासभर सांगेल :
कान कसा वाजला, दात कुठे उडाला,
पंच कसा घसरला त्या दातावर.
हातवारे करत माझा चहा सांडतो.
वासनिकचं विचारा.
"त्यानं मारलंच कुठं," म्हणतो,
"हॉलची लाईट गेलती."

लाईट गेली नव्हती.
तो चहात साखर घालतो, ढवळतो,
जरा वेळानं पुन्हा घालतो.
मी दप्तराच्या बक्कलाकडे बघत राहतो.

मे महिन्यात, भर दुपारी,
वासनिक पोतं स्वतःच खांद्यावर घेऊन आला.
काउंटरवर वीट होती.
"हे काय आहे जी?"
"तुझंच आहे."
त्यानं ती उचलली, फिरवून पाहिली,
मग इतकी हळू खाली ठेवली
की काउंटरलाही कळलं नसेल.
"इस्राईलभाई येतात का इकडे?"
"मंगळवारी."
तो बराच वेळ कुलरसमोर उभा राहिला.
तोंडाला पाणी लावलं नाही.
एकशे चाळीस रुपये मोजून दिले,
दोनदा मोजले,
बोटांवर भरवसा नसल्यासारखे.
मंगळवारी आला नाही. पुढच्याही नाही.

वीट मी फेकली नाही.
गरम वाऱ्यानं दार आपटतं, त्याला लावली आहे.
छान काम देते, जागची हलत नाही.
इस्राईल आत येताना त्याच्या पायाला लागते.
वाकून बघतो, अंगठा चोळतो,
"काय ठेवलंय बे हे इथं?" विचारतो.

दर मंगळवारी विचारतो.